चार बाटल्या रक्त आणि एक पासपोर्ट

आमच्या मोहल्ल्यात मला अजूनही 'पैलवान पाडणारी मालूताई' म्हणतात. आखाड्यातला एक गडी रक्त द्यायला आला होता. दंड माझ्या मांडीएवढा, आणि मिशीला पीळ. सुई बघितली आणि माझी सगळी ट्रॉली अंगावर घेऊन आडवा झाला. दुसरे एक म्हातारे शास्त्रीबुवा होते. तपासणी झाल्यावर म्हणाले, उरलेलं रक्त परत द्या. देहाचा अंश गटारात जाता कामा नये, मी तो गंगेत सोडीन. मी बाटलीला बूच लावून हातात दिली. डॉक्टरसाहेब माझ्यावर उखडले. मी म्हटलं, त्यांचं रक्त, त्यांची गंगा, आपलं काय जातंय? कुठल्या नियमात लिहिलंय ते दाखवा.

तर मी ही अशी. बनारसच्या एका सरकारी इस्पितळात रक्त-लघवी तपासण्याच्या खोलीत एकतीस वर्षं काढली. घरात मराठी, बाहेर हिंदी, म्हणून माझी मराठी थोडी मिसळीची आहे. पुण्याचे नातेवाईक हसतात. खुशाल हसू देत. आमच्या पाच पिढ्या दशाश्वमेधाच्या मागच्या गल्लीत गेल्या, आणि तरी आम्ही 'वरण' म्हणतो, 'दाल' म्हणत नाही, हे काय कमी झालं?

संपादकबाईंनी 'नोकरीतल्या आठवणी' लिहायला सांगितल्या आहेत. नोकरीत कधी लागले, बढती कधी मिळाली, हे वाचून कुणाचं भलं होणार? मी एकच प्रकरण सांगते. ते ज्यांनी त्या वेळी चघळलं त्यातले बरेच जण अजून हयात आहेत, त्यांनी वाचावंच असं मला वाटतं. नावं बदलली आहेत. माझं मात्र बदललेलं नाही.

नव्वदीच्या दशकाचा शेवट होता. आमच्या गल्लीत भास्करराव राहायचे, संस्कृतचे पंडित. गोरेपान, घारे डोळे, आणि स्वभावानं इतके सरळ की रिक्षावाल्याशीही घासाघीस करताना त्यांचा आवाज कापायचा. त्यांना परदेशातल्या एका विद्यापीठात तीन वर्षं शिकवायला बोलावलं. बायको शैला आणि आठ वर्षांची मुलगी अनघा बरोबर जाणार होत्या. नवराबायकोचे पासपोर्ट झाले. मुलीचा अडला, कारण ठरावीक साली आणि त्यानंतर जन्मलेल्यांना नगरपालिकेचा जन्मदाखला लागायचाच, आणि अनघाच्या दाखल्यावर आईच्या जागी शैलाचं नाव नव्हतं. तिथं लिहिलं होतं, फूलमती. बापाच्या जागी रामधनी मल्लाह, म्हणजे नावाडी, मुक्काम गंगेपलीकडचं रामनगर.

आता हे कसं झालं ते सांगायला हवं.

शैलाचे दोन मुलगे गेले होते. पहिला सहाव्या दिवशी, दुसरा तिसऱ्या महिन्यात. तिसऱ्या खेपेला मुलगी झाली तेव्हा शैलाच्या सासूबाईंनी पोर जन्मल्या जन्मल्या विकून टाकली. हो, विकली. ज्या घरात मुलं जगत नाहीत तिथं नवं मूल दुसऱ्या कुणाला तरी विकायचं, सुपभर कोंडा घेऊन. म्हणजे यम न्यायला आला तरी त्याला या घरात या घरचं मूल सापडत नाही. मूल वाढतं आपल्याच घरात, पण म्हणायचं दुसऱ्याचं. लग्नात, मंडपात, परत विकत घ्यायचं. महाराष्ट्रात ही चाल होती आणि इकडे पूरबी लोकांतही आहे, त्यामुळे सासूबाईंना गिऱ्हाईक शोधायला लांब जावं लागलं नाही. फूलमती रामनगरहून नावेनं भाजी घेऊन घाटावर यायची. तिची स्वतःची पाच मुलं धडधाकट होती. तिनं कोंडा दिला आणि पोर घेतली.

इथपर्यंत हे पुष्कळ घरांत होतं. सासूबाई एक पाऊल पुढे गेल्या. त्यांचं म्हणणं, यमाला फसवायचं तर पुरतं फसवावं, अर्धवट फसवून तो चिडायचा. म्हणून त्यांनी फूलमतीलाच नगरपालिकेत पाठवून जन्माची नोंद तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या नावावर करवली. भास्करराव तेव्हा परगावी होते आणि शैला बाळंतिणीच्या खोलीत. दोघांना कळलं तेव्हा शिक्के बसून गेले होते, आणि पोर जगत होती. जगणाऱ्या पोरीच्या कागदाला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. पुढे सासूबाई वारल्या, सुईण वारली, रामधनीही गेला. शाळेत नाव घालताना प्रतिज्ञापत्रावर भागलं.

पासपोर्टच्या वेळी सगळ्यांनी भास्कररावांना सांगितलं की उशिरा नोंद म्हणून नवा दाखला काढा, जुन्याचं नाव घेऊ नका. अर्ध्या बनारसनं तेच केलं असतं. पण भास्करराव म्हणाले, एका मुलीचे दोन जन्म कसे लिहायचे? आणि त्यांनी स्वतःच्या हातानं, शुद्ध संस्कृतप्रचुर हिंदीत, स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र लिहिलं. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे: 'उक्त कन्या का श्रीमती फूलमती को एक सूप भूसी के मूल्य पर विधिवत् विक्रय किया गया.'

विधिवत् विक्रय! मी ते वाचून कपाळाला हात लावला. खरं लिहायची हौस असावी, पण इतकी?

व्हायचं तेच झालं. ते प्रतिज्ञापत्र चौकशीला ठाण्यात आलं, आणि दरोगासाहेबांना अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. लहान मुलीची विक्री, तीही लेखी कबुलीसकट. फूलमतीला ठाण्यात बोलावून दिवसभर बसवलं. दरोगा तिच्यावर ओरडला की मूल विकलंस? तर ही बाई बाकावरून उठून म्हणाली, बेचा नहीं साहब, हमने तो खरीदा है. ठाण्यातले शिपाई हसले, पण कागद पुढे सरकायचा तो थांबला. भास्कररावांना सप्टेंबरात रुजू व्हायचं होतं. शैलानं सांगून टाकलं, पोरीला सोडून मी पाऊल हलवणार नाही, तुम्ही एकटे जा.

गल्लीला तर आयतीच मेजवानी. आमच्या गल्लीत वत्सलाबाई म्हणून एक होत्या, त्यांना बातमी पोटात ठेवली की अपचन व्हायचं. त्यांनी दोन पाठ चालवले. एक असा की शैलाचं तिसरंही गेलं असणार आणि यांनी गुपचूप मल्लाहिणीची पोर आणली. दुसरा पाठ भास्कररावांबद्दल आणि फूलमतीबद्दल होता, तो मी लिहीत नाही. पोरगी होती सावळी, रुंद खांद्यांची, आणि गंगेत मासोळीसारखी पोहायची. आईबाप दोघंही गोरे. लोकांना आणखी काय हवं होतं?

आणि हे मी कबूल करते, मलाही शंका आली होती. वत्सलाबाईंच्या तोंडावर मी त्यांना गप्प केलं, पण घरी येऊन विचार करत बसले. त्याची मला आजही लाज वाटते.

वकिलानं कोर्टात दावा लावला की दाखला दुरुस्त करून मिळावा. कोर्टानं विचारलं, पुरावा काय? वकील म्हणाला, रक्त. तेव्हा डी.एन.ए. हे नाव बनारसमध्ये वर्तमानपत्रात वाचलेलं, एवढंच. तपासणी व्हायची ती हैदराबादच्या प्रयोगशाळेत. कोर्टानं हुकूम दिला की सरकारी इस्पितळात, डॉक्टरांसमोर, चौघांचं रक्त घ्यावं: भास्करराव, शैला, अनघा आणि फूलमती.

हुकूम आमच्या टेबलावर आला तेव्हा डॉक्टरसाहेबांनी कानावर हात ठेवले. कोर्टाची भानगड आपल्याकडे नको, उत्तर देऊन टाका की सोय नाही. मी म्हटलं, सोय कसली लागते साहेब? एक सुई, चार बाटल्या, लाख आणि माझे दोन हात. सगळं हजर आहे. तुम्ही फक्त उभं राहायचं. ते उभे राहिले. त्यांच्याबद्दल एवढं चांगलं मी लिहिणारच.

हे काम काय असतं, ते साध्या भाषेत सांगते. आपला बनारसी शालू हातमागावर विणतात तेव्हा उभे धागे एका बाजूनं येतात आणि आडवे दुसरीकडून. मूल तसंच. अर्धे धागे आईचे, अर्धे बापाचे, तिसऱ्या कुणाचा एकही नाही. हैदराबादवाले रक्तातून ते धागे सुटे करतात आणि फिल्मवर त्यांच्या काळ्या पट्ट्या उमटवतात. मुलाची प्रत्येक पट्टी आईच्या नाहीतर बापाच्या पट्ट्यांत सापडली पाहिजे. सापडली नाही तर त्या दोघांपैकी कुणीतरी खरं नाही. पूर्वी आमच्याकडे नुसता रक्तगट बघायचे, पण रक्तगट फार तर 'नाही' म्हणू शकतो. 'हो' म्हणायची त्याची ताकद नाही.

माझं काम त्या आधीचं. रक्त कुणाचं आहे हे निर्विवाद ठरवायचं. प्रत्येकाचा फोटो फॉर्मवर चिकटवायचा, अंगठा घ्यायचा, बाटलीवर नाव आणि सही, बुचावर लाख, लाखेवर शिक्का. चार बाटल्यांत अदलाबदल झाली तर हैदराबादचे विद्वान काहीही करू शकत नाहीत. म्हणून एका वेळी एकच बाटली टेबलावर. ती बंद होऊन खोक्यात गेल्याशिवाय दुसरी बाहेर काढायची नाही. हा माझा नियम, आणि तो मी मंत्र्याच्या भावासाठीसुद्धा मोडला नव्हता.

मे महिना होता. सकाळी आठलाच भिंती तापलेल्या, वीज गेलेली. चौघं बाकावर ओळीनं बसली होती. भास्कररावांनी डोळे मिटून हात पुढे केला. अनघानं विचारलं, मला दोन आया आहेत, तर दोनदा टोचणार का? मी म्हटलं, नाही गं, एकदाच. तिनं फूलमतीची साडी घट्ट धरली आणि हात शैलाच्या मांडीवर ठेवून टोचून घेतलं. जरासुद्धा कण्हली नाही.

फॉर्ममध्ये एक रकाना होता, मुलाशी नातं. वकिलानं सांगून ठेवलं होतं की शैलापुढे 'कथित माता' लिहायचं. शैलानं ते बघितलं आणि पेन खाली ठेवलं. अतिशय शांत बाई, एरवी आवाज ऐकायला मिळायचा नाही. ती मला म्हणाली:

"मालूताई, मी तीन बाळंतपणं केली. दोन पोरं या हातांनी गंगेला नेऊन दिली. आणि हे मला कथित म्हणतात?"

मी म्हटलं, शैला, सही कर. त्यांना कथित लिहू दे, आपण तो शब्द त्यांच्याच हातानं खोडायला लावू. तिनं सही केली, पण कागद फाटेल इतक्या जोरात.

मग फूलमती. तिच्या फॉर्मवर नात्यापुढे काय लिहू म्हणून मी वकिलाकडे बघितलं. तो म्हणाला, दाखल्यावर तिचंच नाव आहे, तेव्हा तिच्यापुढेही 'कथित माता'. फूलमतीला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं काय लिहिलं, मी तिच्याच बोलीत सांगितलं, 'महतारी' लिहिलंय, म्हणजे आई. कथित हा शब्द मी गाळला. तिनं समाधानानं अंगठा उठवला. हात तिचा वल्ही मारून राठ झालेला, पण शीर दोरीसारखी वर. पहिल्या फटक्यात रक्त आलं.

आता माझा अपराध. सुईत उरलेल्या थेंबांवर मी चौघांचा रक्तगट बघितला. कुणी सांगितलं नव्हतं. शंका मला बसू देत नव्हती. भास्करराव बी, शैला ओ, अनघा बी. जमत होतं. पण फूलमतीही बी निघाली. म्हणजे शैलाची असू शकते आणि फूलमतीचीही असू शकते. होती त्यापेक्षा गाठ जास्त आवळली. दुसऱ्याच्या घरात डोकावायची ती माझी एक खेप, आणि हाती काही लागलं नाही, हे बरंच झालं.

रक्त हैदराबादला न्यायचं कुणी? पोलिसांचा माणूस मिळायला महिना लागला असता आणि टपालानं पाठवलं तर त्या उन्हात त्याचं सांबार झालं असतं. वकिलानं कोर्टाकडून माझं नाव घालून घेतलं. डॉक्टरसाहेब म्हणाले, रजा मिळणार नाही. मी अर्ज टेबलावर ठेवला आणि मुगलसरायची रिक्षा पकडली. थर्माकोलच्या पेटीत बर्फ, बर्फावर वर्तमानपत्रांच्या घड्या, त्यावर बाटल्या. रक्त थंड हवं, पण बर्फ बाटलीला टेकता कामा नये. गाडीत टी.सी.नं विचारलं, पेटी में क्या है? मी म्हटलं, खून. पाच मिनिटांत समोरचा बाक रिकामा झाला आणि मी छान पाय पसरून बसले. इटारसीला बर्फ बदलला, नागपूरला माझा आतेभाऊ बर्फ आणि डबा घेऊन फलाटावर उभा होता. पेटी मी मांडीवरून उतरवली नाही. प्रयोगशाळेतल्या साहेबांनी लाख तपासली, थर्मामीटर घातला आणि म्हणाले, बाई, पोलीससुद्धा इतकं नीट आणत नाहीत. ते वाक्य मी अजून जपून ठेवलंय. दुसरा कुठला गौरव माझ्या नोकरीत झाला नाही.

परत आल्यावर मला बिनपगारी धरलं. धरू देत.

जुलैच्या शेवटी अहवाल आला. इंग्रजी, आठ पानं, तक्ते आणि आकडे. वकिलाची प्रत घेऊन तिघंही माझ्याच खोलीत आली, भास्करराव, शैला आणि फूलमती. पोरगी शाळेत होती. मी शेवटचं पान आधी वाचलं. अनघा शैलाची आणि भास्कररावांचीच होती. एकूण एक पट्टी जुळत होती. इतका आनंद झाला मला, आणि वत्सलाबाईंचं तोंड डोळ्यांपुढे येऊन आणखीच झाला. त्या भरात मी फूलमतीकडे वळून हिंदीत ठणकावून सांगितलं की तुझं या मुलीशी काही नातं नाही, काहीसुद्धा नाही, तू सुटलीस.

असं बोलतात का? आठ वर्षं जिनं पोरीला पोहायला शिकवलं, जत्रेत खांद्यावरून नेलं, जी पोरीच्या तापात रामनगरहून नाव वल्हवत यायची, तिला मी म्हणाले, काही नातं नाही. तपासणीची भाषा माझ्या तोंडात बसली होती. आज मला तो शब्द परत घेता आला तर मी काय वाटेल ते देईन.

फूलमती रडली नाही. तिनं अहवालाकडे बोट दाखवून मला हळूच विचारलं:

"दीदी, ई कागद जमराज पढ़ लेइहैं त?"

हा कागद यमानं वाचला तर? मी हसणार होते. तेवढ्यात माझं लक्ष शैलाकडे गेलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. एम.ए. झालेली बाई, शाळेत विज्ञान शिकवायची. सहा महिने कोर्टात, ठाण्यात, गल्लीत डोकं ताठ ठेवून हिंडली होती. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, मालूताई, हे कोर्टात देऊ नका. फाडून टाका.

भास्करराव समजावू लागले. जायला महिना उरलाय, पासपोर्ट हाताशी आलाय, आणि तुझी पोर तुझ्या नावावर होतेय तर घाबरतेस कशाला? शैला म्हणाली, माझ्या नावावर होती ती दोन्ही गेली. ही तिच्या नावावर आहे म्हणून आहे. मला माहितीय हे खोटं आहे. मला सगळं माहितीय. तरी नको.

भास्करराव बिचारे म्हणाले, मग आपण विधिवत् करू. फूलमतीकडून मुलगी आजच परत विकत घेऊ, म्हणजे सगळं रीतसर होईल.

हे ऐकल्याबरोबर फूलमती उठली. ठाण्यात दरोग्यासमोर उठली असेल तशीच. "हम ना बेचब," ती म्हणाली. मंडपात विकीन, बियाहात, त्याच्या आधी नाही. सरकारला कागद पाहिजे ना? देऊन टाका. त्यावर माझं नाव खोडा, हिचं लिहा, अंगठा मागाल तिथं देते. पण मुलगी मी विकत घेतलीय आणि मी ती परत देत नाही. ज्याला न्यायची असेल त्यानं रामनगरला यावं, माझ्या दारात. मी वल्हं घेऊन उभी आहे.

ती हे शैलाला नव्हती सांगत. वर, पंख्याच्या दिशेनं बघत सांगत होती. शैला उठून तिच्या गळ्यात पडली आणि दोघीजणी माझ्या परीक्षानळ्यांच्या मधोमध मोठमोठ्यानं रडल्या. भास्करराव खिडकीबाहेर बघत उभे राहिले. मी अहवाल घडी करून त्यांच्या पिशवीत टाकला.

पुढचं भराभर झालं. खोटी नोंद केल्याबद्दल फूलमतीला कोर्टाची बोलणी बसली, ती तिनं पदर तोंडात धरून ऐकून घेतली. दाखला दुरुस्त झाला. दरोगासाहेबांनी चौकशी मिटवली आणि जाता जाता भास्कररावांना सल्ला दिला की पंडितजी, यापुढे कमी लिहा. पासपोर्ट आला. अनघाचा फोटो, खाली आईचं नाव शैला. कुठेही 'कथित' नाही. मी ते पान बोटानं दोनदा चाचपून बघितलं.

सप्टेंबरात त्यांना पोचवायला आम्ही कँट स्टेशनवर गेलो, दिल्लीची गाडी होती. अर्धी गल्ली आली होती. ज्यांनी सहा महिने यांचं नाव चघळलं तेही हार आणि पेढे घेऊन आले होते. फूलमती जरा बाजूला, हमालांच्या बाकाजवळ उभी होती. अनघा तिच्या कंबरेला मिठी मारून होती, सुटायला तयार नव्हती. वत्सलाबाई गर्दीतून पुढे आल्या. शैलाच्या पाठीवर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "चला, रक्तानंच दाखवून दिलं बाई. पोर तुझीच निघाली."

मला वाटलं, शैला आता काय तो सूड उगवेल. त्या बाईला सुनवायचा हक्क तिनं मिळवला होता, शाईनं, शिक्क्यानं, आठ पानी अहवालानं. शैलानं वत्सलाबाईंचा हात पाठीवरून काढला आणि आवाज चढवून म्हणाली:

"माझी? कोण म्हणतं माझी? ही फूलमतीची आहे. मी नुसती सांभाळायला नेतेय."

आणि तेच पुन्हा हिंदीत म्हणाली. हमालांनी माना वळवल्या. वत्सलाबाई तडक माझ्याकडे वळल्या. मालूताई, तुम्हीच नेलंत ना ते रक्त हैदराबादला? तुम्हीच वाचलात ना कागद? मग सांगा की सगळ्यांना, पोर कुणाची ते.

सगळे माझ्याकडे बघू लागले. शैलाही. फूलमतीनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला होता. माझ्या खोलीतून तोवर हजारो कागद माझ्या सहीनं बाहेर गेले होते आणि त्यातला एकही मी कुणासाठी फिरवलेला नव्हता. मंत्र्याच्या भावासाठी नाही, डॉक्टरसाहेबांसाठी नाही, सख्ख्या दिरासाठी नाही.

"हो, मीच नेलं आणि मीच वाचलं," मी म्हटलं. मग मान वर केली, आणि सबंध फलाटाला ऐकू जाईल अशा हिंदीत सांगितलं, "लड़की फूलमती की है. जिसको पूछना हो, रामनगर जाके पूछे."